पाणी काढायचं, पाणी परत द्यायचं: नॉर्वेतले टिकवलेले मासे आणि ते करण्याची रीत

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वलांडीवर टांगलेले बोंबील ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर गेल्यावर क्षणभर घरीच आल्यासारखं वाटतं. मला तरी तसं वाटलं. तसेच लाकडी दांड्यांचे उंच मांडव, तसाच नाकाला ओळखीचा वास. बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, तिथला कॉड नावाचा मासा शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने टांगतात. आणि मुख्य म्हणजे दोन्हीकडे माशाला मिठाचा कणही लावलेला नसतो. फरक इतकाच की आपला बोंबील उन्हाने वाळतो आणि त्यांचा कॉड थंड वाऱ्याने.

मी गेली काही वर्षं बर्गेनला राहते. इथल्या सुक्या, खारवलेल्या, मुरवलेल्या माशांशी झटापट करत मी एक गोष्ट शिकले: पदार्थ कोणताही असो, आधी विचारायचं की या माशातलं पाणी कोणी काढलं आणि ते परत द्यायचं की नाही. वाऱ्याने काढलं असेल तर एक रीत, मिठाने काढलं असेल तर दुसरी. हे कळलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. खाली जे देते आहे त्यातलं काही पुण्या-मुंबईच्या फ्रिजमध्ये जमेल, काही फक्त युरोपात राहणाऱ्यांना, आणि एक पदार्थ आपल्याकडे अजिबात करू नये. ते त्या त्या ठिकाणी सांगेनच.

टॉरफिस्क: वाऱ्यावर वाळवलेला कॉड

जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला प्रौढ कॉड अंडी घालायला लोफोटेनकडे येतो. या स्थलांतर करणाऱ्या कॉडला तिथे 'स्क्राय' म्हणतात. पकडला की लगेच डोकं आणि आतडी काढतात, धुतात, शेपट्या बांधतात आणि 'येल' म्हणजे लाकडी मांडवावर चढवतात. फेब्रुवारी ते मे मासा बाहेर असतो, मग आणखी दोन-तीन महिने हवेशीर कोठारात. तोवर त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी गेलेलं असतं आणि उरलेला मासा काठीसारखा वाजतो.

हे लोफोटेनलाच का जमतं? उबदार सागरी प्रवाहामुळे तिथला हिवाळा शून्य अंशाच्या आसपास रेंगाळतो. थंडी फार पडली तर माशातलं पाणी गोठून त्याचे तंतू फाटतात, उष्मा झाला तर माशा बसतात आणि मासा सडतो. शून्याच्या अलीकडे-पलीकडे राहणारं हवामान आणि सतत वाहणारा वारा हे दोन्ही एकत्र मिळणं दुर्मीळ आहे. म्हणूनच २०१४ पासून 'टॉरफिस्क फ्रा लोफोटेन' या नावाला युरोपीय संघात भौगोलिक मानांकन आहे. वाळलेला मासा पारखणारा माणूस, 'व्राकर', एकेक मासा हातात घेऊन, डोळ्यासमोर धरून, हुंगून त्याची प्रत ठरवतो. डोकीही फेकत नाहीत. ती वेगळी वाळवून नायजेरियाला जातात, तिथे त्यांचा रस्सा होतो. कॉडच्या जिभा काढण्याचं काम गावातली शाळकरी मुलं करतात आणि त्याचे पैसे त्यांचे स्वतःचे.

चांगला मासा बहुतेक इटलीला जातो. त्याची गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे: पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज वादळात फुटलं, १४३२ च्या जानेवारीत तो उरलेल्या साथीदारांसह रॉस्ट बेटांपाशी लागला, तिथल्या कोळ्यांनी त्यांना जगवलं, आणि परत जाताना तो सुका कॉड घेऊन गेला. बर्गेन शहर तर या माशावरच मोठं झालं. बंदरावरच्या ब्रिगेनच्या लाकडी वखारींत हान्सा या जर्मन व्यापारी संघाचे लोक शतकानुशतकं उत्तरेचा मासा घेऊन धान्य देत होते.

आता भिजवणं. सुके बोंबील आपण थोडा वेळ पाण्यात टाकतो. इथे पाच ते सात दिवस लागतात, आणि यात घाई चालत नाही. मासा अख्खा असेल तर करवतीने तुकडे करावे लागतात, त्यामुळे दुकानदाराकडूनच कापून घ्या. मोठ्या भांड्यात गार पाणी भरून तुकडे पूर्ण बुडवा, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. रोज पाणी बदला. बाहेर ठेवलात तर दुसऱ्या दिवशीच पाण्याला वास येतो आणि तो मासा मग सुधारत नाही. बोटाने दाबल्यावर सगळ्यात जाड जागीही आत कडक गाठ लागली नाही की झालं. कातडी आणि काटे आता काढा. यापुढे तो ताज्या कॉडसारखा शिजवता येतो, फक्त चव कितीतरी खोल असते.

मासा पुरा न वाळवता आठवडा-दोन आठवडे टांगून अर्धवट सुकला असतानाच उतरवला, तर त्याला बोक्नाफिस्क म्हणतात. नुसता उकडून, वर परतलेलं बेकन, बाजूला गाजर आणि बटाटा. उत्तरेकडे गेलात तर हा जरूर मागा.

लुटेफिस्क

नॉर्वेबाहेर या पदार्थाची थट्टाच जास्त होते. थट्टा करणाऱ्यांनी बहुतेक वेळा बिघडलेला लुटेफिस्क खाल्लेला असतो. नीट झालेला लुटेफिस्क मऊ, पारदर्शक, थरथरणारा आणि चवीला अतिशय सौम्य असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात इथली कुटुंबं त्याची वाट पाहतात, हॉटेलांत टेबल आधी राखून ठेवावं लागतं.

'लूत' म्हणजे क्षार. पूर्वी बर्च झाडाच्या लाकडाची राख पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी घेत. आज कॉस्टिक सोडा वापरतात. क्रम असा: टॉरफिस्क पाच-सहा दिवस साध्या गार पाण्यात, मग सुमारे दोन दिवस क्षाराच्या पाण्यात, मग पुन्हा कित्येक दिवस साध्या पाण्यात, रोज पाणी बदलून. क्षारात माशाची प्रथिनं फुगतात, तुटतात आणि खूप पाणी धरून ठेवतात, म्हणून तो जेलीसारखा होतो. क्षारातून नुकत्याच काढलेल्या माशाचा सामू ११-१२ पर्यंत गेलेला असतो. तो तसा खाल्ला तर तोंड-घसा भाजेल. शेवटच्या धुण्यानेच तो खाण्याजोगा होतो.

क्षाराचं काम घरी करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाते, आणि धुणं कमी पडलं हे डोळ्यांना कळत नाही. नॉर्वेतले लोकही आज जवळजवळ सगळे तयार लुटेफिस्कच विकत घेतात. कसब लागतं ते शिजवण्यात, आणि ते आपल्या हातात आहे.

माणशी अर्धा ते पाऊण किलो मासा धरा. ऐकायला जास्त वाटतं, पण यात बरंचसं पाणीच असतं आणि शिजताना ते सुटतं. आणल्यावर तुकडे बर्फासारख्या गार पाण्यात एक-दोन तास ठेवा, मग चाळणीत चांगले निथळा. काचेच्या किंवा एनॅमलच्या पसरट भांड्यात कातडी खाली करून एका थरात लावा. अल्युमिनियमचं भांडं नको, ते काळं पडतं. चांदीचे काटे-चमचेही याच कारणाने या दिवशी कपाटातच राहतात.

दर किलोला साधारण एक मोठा चमचा मीठ वरून पसरा आणि अर्धा तास थांबा. मिठाने मासा थोडं पाणी सोडतो आणि घट्ट होतो. हा अर्धा तास वगळला तर ताटात लापशी येते. भांड्यात पाणी घालायचं नाही, एक थेंबही नाही. पहिल्या वर्षी मी आपल्या सवयीने अर्धी वाटी पाणी घातलं आणि दोन किलो माशाची पेज झाली. जेवायला आलेल्या शेजारच्या आजींनी ती मुकाट्याने खाल्ली, आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. भांड्यावर फॉइल घट्ट लावा, २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ४० मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला एकदा उघडून बघा: पाकळ्या सुट्या व्हायला लागल्या असतील पण आकार धरून असतील, तर तिथेच थांबा. सुटलेलं पाणी अलगद ओतून टाका. ताटं आधी गरम करून ठेवा, कारण हा मासा फार लवकर गार होतो आणि गार झाल्यावर त्यात काही राम राहत नाही.

सोबतचं जेवण माशाइतकंच महत्त्वाचं आहे. बेकनचे बारीक तुकडे मंद आचेवर कुरकुरीत करून त्याच्या सुटलेल्या चरबीसकट माशावर ओततात. बेकन चालत नसेल तर वितळलेलं लोणी घ्या. हिरवे वाळके वाटाणे रात्रभर भिजवून, मऊ शिजवून, घोटून त्यात लोणी, मीठ आणि चिमूटभर साखर घालतात, हे 'एर्टेस्तूइंग'. आपल्या हाताला ते सहज येतं, फक्त फोडणीचा मोह आवरावा लागतो. शिवाय उकडलेले बटाटे, मोहरीची चटणी आणि लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पिठाची मऊ पोळी. काही भागांत वर तपकिरी चीज किसून घालतात, काही ठिकाणी गोड पाक. यावरून इथे घराघरांत वाद होतात, आणि प्रत्येकाला आपल्या आईचीच पद्धत खरी वाटते.

राकफिस्क: वाचा, पण आपल्याकडे करू नका

इथे माशातलं पाणी मिठाने काढतात, आणि मग मासा त्याच खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने आंबतो. खाताना शिजवत नाहीत. वाल्द्रेस खोऱ्याचा हा मानाचा पदार्थ. तिथल्या फागेर्नेस गावात नोव्हेंबर सुरू होताना राकफिस्कचा मोठा उत्सव भरतो.

मासा डोंगरतळ्यातला, थंड गोड्या पाण्यातला: ट्राउट किंवा त्याच्याच कुळातला रॉये. पकडल्याबरोबर पोट फाडून आतडी आणि कल्ले काढतात. मग खरं काम सुरू होतं. कण्याला चिकटून काळपट लाल रक्ताची पट्टी असते, ती चमच्याने आणि ब्रशने पूर्ण खरवडून काढायची, पोटाची आतली बाजू पांढरी दिसेपर्यंत गार पाण्याने धुवायची. मासा कुठल्याही क्षणी मातीला लागू द्यायचा नाही. साफ केलेला मासा वजन करून घ्यायचा, अंदाज नाही. किलोला ६० ग्रॅम मीठ ही जुनी रीत, वर थोडीशी साखर. मीठ पोटात भरायचं, आणि मासे बादलीत पोट वर करून, किंचित तिरपे, एकमेकांना खेटून थरांनी लावायचे. वर झाकण आणि वजन. दोन दिवसांत मासा स्वतःच्या पाण्यात बुडायला हवा. नाही बुडाला तर लिटरला ६० ग्रॅम मीठ घातलेलं, उकळून गार केलेलं पाणी वरून घालायचं. मग ४ अंशांच्या आसपास, न हलणाऱ्या तापमानात, किमान दोन-तीन महिने. कोणी वर्षभरही ठेवतात. कोवळा मासा सुरीने कापला जातो, जुना पावावर लोण्यासारखा पसरतो.

एवढी काळजी का, ते नीट समजून घ्या. माती आणि तळ्याच्या गाळात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. माशातला त्याचा प्रकार फ्रिजच्या तापमानातही वाढू शकतो, साधारण ३ अंशांपर्यंत. म्हणजे नुसती थंडी पुरत नाही, नुसतं मीठही पुरत नाही, दोन्ही एकाच वेळी लागतात. त्याचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. ते उष्णतेने नष्ट होतं, पण राकफिस्क शिजवला जात नाही, त्यामुळे चूक सुधारण्याची संधीच नाही. नॉर्वेतही घरी केलेल्या राकफिस्कमधून विषबाधा झालेल्या आहेत. लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूच्या भीतीमुळे गरोदर स्त्रियांनी तो खाऊ नये असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. दिवसातून वीसदा उघडणारा आपला फ्रिज, वीज जाण्याचा प्रश्न, मासळी बाजारापासून घरापर्यंतचा उन्हातला प्रवास: या परिस्थितीत राकफिस्क करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. नॉर्वेला आलात तर परवानाधारक उत्पादकाचा घ्या आणि लेफ्सेत गुंडाळून, आंबट साय, कच्चा कांदा आणि बटाट्याबरोबर खा. वास तीव्र असतो. ज्यांनी सुकट भाजतानाचा वास प्रेमाने घेतला आहे त्यांना दुसऱ्या घासाला अडचण येत नाही.

ग्रावलाक्स: फ्रिज असेल तर कोणालाही जमणारा

'ग्राव' म्हणजे पुरणं. पूर्वी सालमन खरोखर जमिनीत पुरून आंबवत. आजचा ग्रावलाक्स आंबत नाही. दोन-तीन दिवसांत मीठ आणि साखर त्यातलं थोडं पाणी ओढून घेतात, एवढंच. ज्या पालेभाजीवर आपल्याकडे निम्मं घर नाक मुरडतं, ती शेपू यात लागते. म्हणून हा पदार्थ मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

एक किलो सालमनचे कातडीसकट, काटे काढलेले दोन सारखे तुकडे घ्या. मासा समुद्रात मोकळा वाढलेला असेल किंवा तुम्हाला माहिती नसेल, तर त्यातल्या कृमींसाठी तो आधी गोठवणं आवश्यक आहे. युरोपातला नियम माशाच्या गाभ्यापर्यंत उणे २० अंश आणि किमान २४ तास असा आहे. घरचा फ्रीझर हळू गोठवतो, म्हणून आठवडाभर ठेवा. मग फ्रिजमध्येच वितळू द्या. गोठवल्याने कृमी मरतात, सगळे जिवाणू नाहीत, त्यामुळे ताजेपणात तडजोड करू नका. गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसांना हाही देऊ नये.

तीन मोठे चमचे मीठ, तीन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा भरड पांढरी मिरी एकत्र करा. आयोडीनचं बारीक मीठ न घेता जाडं मीठ घेतलं तर चव स्वच्छ राहते. मिश्रण माशाच्या मांसल बाजूंना चोळा, एका तुकड्यावर शेपूची अख्खी जुडी चिरून पसरा, दुसरा त्यावर उलटा ठेवा, एकाचा जाड भाग दुसऱ्याच्या पातळ भागावर येईल असा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून पसरट भांड्यात, वर वजन, आणि फ्रिजमध्ये. दर १२ तासांनी उलटा. ४८ तासांनी मासा कोवळा असतो, ७२ तासांनी घट्ट आणि खारट. मला मधला, साधारण ६० तासांचा आवडतो. वरचं मीठ-शेपू पुसून काढा, धुऊ नका. लांब धारदार सुरीने तिरपे, कागदासारखे काप काढा, कातडी खाली राहू द्या.

याची चटणी म्हणजे दोन चमचे तयार मोहरीची पेस्ट, एक चमचा साखर, एक चमचा व्हिनेगर, आणि थेंबथेंब घालत फेटलेलं अर्धी वाटी बिनवासाचं तेल, वर शेपू. चार-पाच दिवसांत संपवा.

सूरसिल्ड, म्हणजे आंबट-गोड हेरिंग, थोडक्यात सांगते, कारण त्यात फारसं अवघड काही नाही. खारवलेल्या हेरिंगचे तुकडे रात्रभर गार पाण्यात ठेवून खारटपणा उतरवायचा. दोन वाट्या व्हिनेगर, दीड वाटी साखर, एक वाटी पाणी उकळून पूर्ण गार करायचं. कोमट ओतलं तर मासा शिजून भुसभुशीत होतो. बरणीत मासा, कांद्याच्या चकत्या, गाजर, तमालपत्र, मिरीदाणे आणि ऑलस्पाइसचे थर, वरून हे पाणी. दोन दिवस फ्रिजमध्ये. राय पावावर लोण्याबरोबर.

क्लिपफिस्क आणि बाकालाओ

क्लिपफिस्कमध्ये आधी मिठाने, मग वाऱ्याने पाणी काढलेलं असतं. कॉड उभा चिरून, कण्याचा मोठा भाग काढून, उघडून सपाट करतात, आठवडे मिठात ठेवतात, मग वाळवतात. पूर्वी किनाऱ्यावरच्या उघड्या खडकांवर वाळवत, म्हणूनच नाव 'क्लिप', म्हणजे कडा. पश्चिम किनाऱ्यावरचं क्रिस्तियानसुन हे या धंद्याचं मोठं गाव. सतराव्या शतकाच्या शेवटी एका डच व्यापाऱ्याने तिथे तो रुजवला. खडकांवर मासे पसरणं, पाऊस दिसला की पळत जाऊन ढीग रचून झाकणं, ऊन आलं की पुन्हा पसरणं, हे सगळं बायकांनी केलं. त्या गावच्या बंदरावर अशा एका बाईचा पुतळा उभा आहे, आणि तो पाहताना मला वसईच्या किनाऱ्यावर सुकट उलथणाऱ्या आपल्या बायका आठवतात.

हा मासा पोर्तुगाल, स्पेन आणि ब्राझीलला गेला, आणि तिकडून 'बाकालाओ' हे नाव आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेलाचा रस्सा परत आला. पोर्तुगीजांबरोबर हाच खारा कॉड गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही पोहोचला. त्यामुळे गोव्याच्या वाचकांना पुढची कृती परकी वाटणार नाही.

एक किलो क्लिपफिस्कचे मोठे तुकडे करा आणि भरपूर गार पाण्यात, फ्रिजमध्ये, २४ ते ४८ तास ठेवा. तीन-चारदा पाणी बदला. इथे पाणी परत द्यायचं आहेच, पण त्याहून जास्त मीठ काढायचं आहे. जाड तुकड्याच्या मधला कण शिजवून चाखा. किंचित खारट लागला तर बरोबर. अगदी अळणी झाला तर रस्सा फिका होतो.

एक किलो बटाटे आणि चार कांदे जाड चकत्यांत चिरा. जाड बुडाच्या भांड्यात पाव लिटर ऑलिव्ह तेल, एक लिटरच्या आसपास टोमॅटोचा गर आणि दोन-तीन सुक्या लाल मिरच्या उकळा. त्यात बटाटे, कांदा, मासा असे थर लावा, भांडं भरेपर्यंत. मीठ घालू नका. मंद आचेवर झाकून साधारण एक तास. ढवळायचं नाही. ढवळलं तर माशाच्या पाकळ्या मोडतात आणि बटाटा पिठूळ होतो. लागू नये म्हणून भांडं दोन्ही कानांनी धरून हलवा. मीठ लागलं तरच शेवटी घाला. उतरवून अर्धा तास तसंच राहू द्या. आदल्या रात्री करून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम केला तर आणखी चांगला लागतो, आणि आमच्या घरी आता तो मुद्दाम शनिवारी रात्रीच होतो.